घाल गफूर, मीच म्हनलं

आमी नांदगाव खंडेश्वराकडचे, जातीचे माळी, वांगे, मिरची, सांबार म्हंजे कोथिंबीर लावनारे. काय सांगू तुमाले, आमच्या घरात खेळनारं पोट्टं म्हंजे कामचुकार पोट्टं. माय म्हने, पाय शिवशिवत असन तं वाफ्यायले पानी दे, अन् मी सतरा वर्सापर्यंत वाफ्यायलेच पानी देलं. मंग मामानं अकोल्याले नेलं, जीनमंदी, म्हंजे कापसाची सरकी काढाच्या कारखान्यात, गाठी वाह्याले.

त्या जीनचे म्हातारे शेट मोठे शौकीन मानूस. जीन चाले दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, पावसाळाभर बंद, समदे मजूर आपापल्या गावी. पन शेटनं फुटबॉलची टीम ठेवेल होती, अन् टीमचे अकरा जन पावसाळ्यातही कामावर राहत, छपराचे टिनं बदला, यंत्रायले तेल द्या, अन् चार वाजले का बॉल खेळा. इतरायसाठी तो खेळ असन भाऊ, त्या अकरा जनायसाठी चार महिन्यायची भाकर होती.

एक दिवस बॉल घरंगळत माह्याकडं आला, मी आपली लाथ मारली, तं तो टिनावरून पलीकडं नदीत गेला. गफूर म्हनून एक जन टीममंदी मागं खेळे, तो नदीत उतरून बॉल घेऊन आला, वलाचिंब, अन् म्हने, अबे, लाथ तं गाढवाची हाय, डोकं कोनाचं हाय ते पाहू. त्यानंच मले टीममंदी नेलं, तिथून आमची दोस्ती. तो मले पुंड्या म्हने, मी त्याले गफऱ्या म्हनो, त्याची माय ईदले मले पयले वाढे अन् त्याले मंग.

नऊ पावसाळे खेळलो. समदे अनवानी. मंग एका मॅचमंदी गुडघा असा फिरला का परत बसलाच नाई, आजही पाय लांबवला का आवाज करते, आयका, हा. मले वाटलं आता गावाकडं जा अन् वांगे तोडा. पन म्हातारे शेट म्हने, पुंडलिक, आता तू शिकव. तवापासून पोट्टे मले वस्ताद म्हनू लागले, तालमीत म्हनतात तसं. शिकवनं काय सोपं नाई भाऊ, मी कुठी शिकेल नोतो, जे पायानं येत होतं ते तोंडानं सांगाले लय जड गेलं. टीममंदी कोन घ्याचा अन् कोन नाई हेही मीच सांगो. ज्याले नाई म्हनलं तो पावसाळ्यात काय खाईन हे मले मालूम राहे, तरी सांगाव लागे.

मंग म्हातारे शेट वारले. त्यायचा पोरगा आला, मुंबईले शिकेल. वाईट मानूस नोता तो, खोटं कावून बोलू, पन त्याले टीम म्हंजे बिनकामाचे अकरा जन दिसत. म्हने, वस्ताद, औंदा अमरावतीचा कप आना, तं टीम राहीन, नाई तं पावसाळ्यात समदे घरी. अन् त्यानं बूट आनले. अकरा जोड, कोरे करकरीत, तळाले कातड्याच्या गुठळ्या ठोकेल. म्हने, अनवानी टीम पाहून लोक हासतात, माह्यं नाव खराब होते.

महिनाभर आमी बूट घालून जीनच्या आवारात खेळलो. तिथं समदा मुरूम. फोडं आले, फुटले, पन पोट्टे शिकले, मलेही वाटलं जमलं.

अमरावतीले मॅच होती त्या दिवशी पहाटपासून पानी. मैदान पायलं. काळी माती. आता वऱ्हाडातलं शेंबडं पोट्टंही पावसाळ्यात वावरात शिरताना वहाना बांधावर काढून ठेवते, कावून का काळी माती एकदा तळव्याले धरली का सोडत नाई, पाऊलभर चाललं का पाय शेरभर जड. मी तं माळ्याचा, मले कोनी सांगाले पाह्यजे होतं? पन बूट नव्या शेटनं देल होते, अन् शेट शामियान्यात बसेल होते, साहेब लोकायच्या बाजूले.

दहा मिंटात एकेकाचे पाय हत्तीचे झाले. समोरची टीम तालमीतल्या पोट्ट्यायची, समदे अनवानी, सरासर पयत. लोक हासत होते, पन त्यायले नाई, आमाले. दोन गोल झाले. हाफ टाइमले गफूर खाली बसला, बूट काढले, चिखल झटकला अन् म्हने, पुंड्या, हे जोडे नाई, जात्याचे दगड बांधले तू पायाले. बाकीच्यायनंही नाड्या सोडल्या अन् माह्याकडं पाहू लागले. मी शामियान्याकडं पायलं. शेटनं हात हालवला नाई, मान हालवली नाई, नुसतं आमच्याकडं पायलं. अन् मी म्हनलं, घाल गफूर.

गफूर म्हने, वस्ताद म्हनून सांगतं का पुंड्या म्हनून?

मी म्हनलं, वस्ताद म्हनून.

त्यानं घातले. मंग समद्यायनं घातले. चार गोलनं हारलो.

शेटनं अकोल्याले येऊन टीम मोडली, बस. बुटायमुळं हारलो हे त्याले सांगाची हिंमत मले आठ दिवसानं आली, तवा तो मुंबईले निघून गेल्ता. अकरा जन अकरा दिशेले गेले. गफूर धारणीकडं गेला, जंगलात लाकडं तोडाले, भर पावसाळ्यात. तिकडचा हिवताप त्यानं घरी आनला, तो काही गेला नाई.

अन् मले काय झालं म्हनान, तं मले नोकरी भेटली. त्या शामियान्यात इथल्या, अमरावतीच्याच, एका हायस्कूलचे हेडमास्तर बसेल होते, त्यायले ड्रिल मास्तर पाह्यजे होता. म्हने, तुमची टीम हारली, पन खेळाडूनं तुमचा शब्द मोडला नाई, अशी शिस्त आमाले पाह्यजे. घरी दोन लेकरं होते, मी हात जोडले.

तवापासून इथंच आहो. सकाळी ड्रिल, संध्याकाळी फुटबॉल. तुमी शिकवता त्या कालेजात गेलेले किती तरी पोट्टे माह्या हाताखालून गेले. लोक मान देतात, मास्तर म्हनतात. पन थकलो भाऊ, गुडघ्यानं नाई.

मागच्या महिन्यात गफूर आला होता, दवाखान्यात दाखवाले. मैदानाच्या कडंले बसला, पोट्ट्यायचा खेळ पायला. मी त्याच्यापाशी बसलो, वाटलं आता तो बुटायची गोष्ट काढन, आता काढन, इतक्या वर्सायचं एकदा बोलून टाकन. तं तो म्हने, तो लांब्या पोट्टा चांगला पयते बे, त्याले मधात घे. चहा प्याला. टेसनावर सोडाले गेलो, डब्यात बसून त्यानं खिडकीतून माह्या डोक्यावर हात ठेवला, माह्याहून दोनच वर्सानं मोठा, अन् म्हने, खुश रह पुंड्या.

आता कसं राहाव, तुमीच सांगा.