तेराव्या महिन्याची जवारी

— न्हाई म्हणजे न्हाई, भावजी. किती डाव सांगू? वळसंगास्नं एश्टीत उभ्यानं आलात, पाय दुखत असतील, बसा की त्या पोत्यावर — घोंगडं एकच हाय आन ते वाळत घातलंय — बसा, पाणी प्या, पर पोरांचा निरोप आणला असंल तर तो तसाच पिशवीत राहू द्या. काय बघता डब्यांकडं? एवढंच का? व्हय, एवढंच. त्यात जवारीचं पीठ, ह्यात तूरडाळ, बरणीत शेंगाची चटणी, मीठ, च्याची पूड, गुळाचा खडा. ती गोडंतेलाची बाटली — काजळाची रेघ दिसती का तिच्यावर? मंगळवारच्या बाजाराच्या आत तेल त्या रेघंखाली गेलं की मग फोडणी बंद, कोरडी चटणी आन भाकरी. कोण वरडत न्हाई मला. माझी मीच वरडते. हसू नका, मोठ्यानं वरडते, भिताडाला ऐकू जाईल असं.

पैल्यांदा एकटीचा बाजार करायला गेले तवा माझंच मला हसू आलं. अख्खा जलम दहा तोंडांचा सैपाक केलेला हात — दुकानदाराला म्हटलं, दोन किलो डाळ दे. त्यो म्हणतो, मावशी, लगीन काढलंय काय घरात? घरी येऊन आमटी टाकली, झाली की पातेलंभर! चार दिवस तीच आमटी, शेवटाला आंबली, तरी वरपली, सांडायची कशी? एकटीचं माप हाताला लवकर बसत न्हाई, भावजी. आता बसलंय. मूठभर डाळीत दोन्ही वक्त निघतात. भाजीला दिवे लागल्यावर जाते — भाजीवालीला घरची वढ लागलेली असती, उरलेली वांगी आपणहून वट्यात टाकती. आन सकाळी सिद्धम्माच्या खानावळीत भाकऱ्या थापते. मिलची माणसं जेवतात तितं, ढिगानं भाकऱ्या लागतात. पर त्यातली एक खात न्हाई मी. सिद्धम्मा म्हणती, रंभाबाई, खा की गं बया, एवढं पीठ तर परातीबाहेर सांडतंय! म्हटलं न्हाई, मजुरीत जवारी दे, भाकरी नगं. घरी येऊन माझ्या दोन भाकऱ्या मी थापते. येडेपणा? असंल. दुसऱ्याच्या तव्यावरची भाकरी आता माझ्या घशाखाली उतरत न्हाई, बास.

का म्हणून तुमी इचारता? तुमी? आता तोंड उघडलंच हाय तर बोलू द्या मला. वाटणी कुणी केली? तुमीच की! मालक गेले, दुष्काळ नुकता सरलेला, पोरं म्हणाली आमचं आमाला वेगळं करा, आन तुमी चुलता म्हणून मधी बसलात. रान अर्धं अर्धं, बैल एकेक, भांडी मोजून. शेवटाला मी राहिले. बाळासो आन अण्णाराव दोघंबी सोलापुरात बिऱ्हाड करून — तुमी म्हणलात, वहिनीचं लई सोपं हाय, एक म्हयना थोरल्याकडं, एक धाकट्याकडं, अमावस्येला गठुडं हलवायचं. मराठी म्हयनं बारा, दोघांना सहा-सहा, भांडण न्हाई, तंटा न्हाई. मी पदर वढून मान हलवली. लेकरंच हायती, म्हटलं, कुटं बी भाकरी गोडच लागंल. चैत थोरल्याकडं, वैशाख धाकट्याकडं, जेठ परत थोरल्याकडं — चाललं की बरं. पर भावजी, तुमी धोंड्याचा म्हयना इसरला.

खाली बघू नका. सगळ्यांनीच इसरला. तीन वर्सांतनं एक म्हयना जादा येतो, पंचांग बघून रान पेरणारी माणसं आपण, तरी वाटणीत त्यो कुणाच्या ध्यानात आला न्हाई. त्या साली भादवा दोन आले. श्रावणी अमावस्येला मी गठुडं बांधून थोरल्याच्या उंबऱ्यापाशी उभी. थोरली सून म्हणाली, आत्या, आमचा श्रावण झाला. नीट बोलली हं, वाईट न्हाई बोलली, माझ्या हातात नारळ बी दिला. चालत धाकट्याकडं गेले. धाकटी दारातच — आत्या, आमचा भादवा पुढचा, खरा. ह्यो धोंड्याचा, ह्यो आमच्या वाटणीत न्हाई. अण्णाराव आत हुता. काय करत हुता? भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात धरून बघत हुता! माझ्याकडं मान वर केली न्हाई त्यानं, कॅलेंडरात आई शोधत हुता मुडदा. माघारी थोरल्याकडं आले. बाळासो म्हणाला, आई, न्यायानं जाऊ, उद्या काकांना इचारून पंधरा-पंधरा दिवस ठरवू. उद्या? आन आज मी कुणाची? आतनं गुळाचा वास येत हुता. थोरलीनं जावयाला सांगावा धाडलेला, धोंडं खायला ये, अनारशाचं पीठ भिजवून ठेवलेलं. जावयाला तेरावा म्हयना हाय, भावजी. आईला न्हाई.

मग काय — गठुडं काखंत आन खानावळीच्या कट्ट्यावर टेकले. सिद्धम्मानं इचारलं, भाकरी येती का थापता? म्हटलं, तेवढीच येती. त्या दिवसापास्नं कुणाचा म्हयना न्हाई मला. गल्लीत सांगून ठेवलंय, पोरं रोज न्यायला येतात, मीच जात न्हाई — हे कुटं बोलू नका तुमी, बोललात तर बघा. कोण येतंय रोज! पैल्या दिवाळीला आंघोळ करून, लुगडं नेसून बसले हुते दारात, येईल कुणीतरी म्हणून. चूल बी पेटवली न्हाई तिन्हीसांजंपातूर. जाऊ द्या. कशाला बोलले मी हे?

अं हं, त्या गाडग्याला हात लावू नका. कोपऱ्यातलं ते. त्यात रोज एक मूठ जवारी पडती, दळणाला न्यायच्या आदी. येत्या श्रावणात परत धोंड्याचा म्हयना हाय, देवळात गुरवाला इचारून आले. माझ्या बाजारात वर्सं बारा म्हयन्यांची धरत न्हाईत. भूक? लागती की. मजुरी संपत आली की एक वक्त आंबील पिऊन काढते, कवा त्या गाडग्याकडं बघत रडले बी हाय. पर हात घातला न्हाई. खानावळ बंद पडू द्या, हात दुखू द्या, कुणीबी काही म्हणू द्या, त्या म्हयन्यात मी कुणाच्या उंबऱ्याला उभी ऱ्हाणार न्हाई.

काय म्हणलात? परत म्हणा. बाळासोच्या धाकट्या पोरीला, कस्तुराला बघायला पाव्हणं येऊलालेत? आन पाव्हण्यांनी आदीच इचारलं, मुलीची आजी कुणाकडं असती? हां. हां! म्हणून आलात व्हय तुमी! पाव्हणं जाईस्तोवर आजी जोत्यावर बसलेली दिसाय पायजे. आन मला येडीला वाटलं... दारात तुमाला बघितलं तवा वाटलं, बाळासोला आठवण आली म्हणून. खोकला हाय का हो त्येला अजून? मिलचा कापूस छातीत बसतोय, अडुळसा घे म्हणावं. राग लई हाय मला, भावजी, मरंस्तोवर जायचा न्हाई, पर लेकरू बी माझंच हाय. कस्तुराचं वाईट करायचं न्हाई मला. पाव्हण्यांना घेऊन या हितं. ही एक खोली, ही चूल, ही आजी, कुणाकडं न्हाई ती. त्यांना चाललं तर पोरगी सुखात नांदंल. न्हाई चाललं तर बरंच झालं, तिची बी वाटणी करणारी माणसं असतील ती.

आता काय? तुमच्याकडं? वळसंगला? तुमच्या घरी येऊन ऱ्हाऊ? बरं. बोलणं गोड हाय तुमचं. वहिनी म्हणून हौसेनं न्यायला तयार झालात. मग एवढं सांगा — किती म्हयनं?

पिशवी उचललीत व्हय?

जावा भावजी. सांजंची एश्टी चुकंल.