गोधडीतलं गाणं

घरी गाणं रेकॉर्ड करायला नुसता मोबाईल पुरतो म्हणणाऱ्याला आमच्या केडगावच्या खोलीत आणून बसवा. जयंतीचं गाणं संध्याकाळपर्यंत मंडळाला पाठवायचं होतं. एकदा कुकरची शिट्टी आली, एकदा भंगारवाल्याचा भोंगा. खोलीत आवाज घुमत होता तो वेगळाच. शेवटी वैतागून मी डोक्यावरून गोधडी घेतली आणि आतच गायला लागले. वरचा सूर लावते न लावते, तोच शेजारच्या मंगलमावशींनी गोधडी ओढली.

"रडू नको गं बाई! काय म्हणला नवरा?"

"अहो मावशी, गातेय मी!" म्हणत मी त्यांना रेकॉर्डिंगच ऐकवलं.

मावशींनी ते शेवटपर्यंत ऐकलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "गाणं लई चांगलं हाय. पर भांडण कशावरनं झालं?"