चिमणीतून आलेला कौल

आमच्या सासूबाईंना देवाने तोंडावर उत्तर दिलंय. हसू नका, मी तिथेच होते.

आमच्या बागबाजारच्या भाड्याच्या घरात इंग्रजांच्या काळातली फायरप्लेस आहे. आयता कोनाडा मिळाला म्हणून सासूबाईंनी तिथेच देव मांडले. परवा चिमणीतून गणपतीवर काजळी पडली, तेव्हा घरमालक मिस्त्रीला घेऊन गच्चीवर चढले. खाली सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, ‘देवा, मुलाची पुण्याला बदली कर रे.’

नेमका तेव्हाच वर मिस्त्री मालकांना दुरुस्तीचं सांगत होता. चिमणीतून बंगालीत घोगरा आवाज आला, ‘पूजोर आगे होबे ना.’ दुर्गापूजेआधी होणार नाही. इथे प्लंबरपासून सुतारापर्यंत सगळे हेच सांगतात.

सासूबाईंनी डोळे उघडून गणपतीकडे रोखून पाहिलं. ‘तूही पूजेचं कारण सांगायला लागलास? पक्का इथला झालास रे.’