कुरडयांशेजारी गोल्फचा दांडा

खरं सांगते, दोन रात्री माझा डोळा लागला नाही, आणि कारण काय, तर गोल्फ! माझा नवरा सुबोध हिंगण्याच्या कंपनीतल्या साहेबांबरोबर गोल्फ शिकतोय. चेंडू लांब जात नाही, तो दोष दांड्याचा, असं त्यानं व्हिडिओ बघून ठरवलं. मग घरीच स्टिकचं लोखंडी डोकं तापवून काढलं आणि दुसऱ्या, हलक्या दांड्यावर गोंदानं चिकटवलं. ते उडून आमच्या पाच वर्षांच्या परीला लागलं तर?

"काही उडत-गिडत नाही वं," सुबोध म्हणाला.

सासूबाईंनी तर स्टिक गच्चीवर कुरडयांशेजारी ठेवायला लावली. "आपल्या उन्हात काय नाही वाळत गा?"

दुपारी सुबोधनं ती तापलेली स्टिक फडक्यात धरून थेट अंगणात आणली. मी परीला माझं स्कूटीचं हेल्मेट घातलं आणि दाराआड उभं केलं.

"लेकरू खेळ पाहून राहिलं, का लढाईवर चाललं?" सासूबाई हसल्या.

सुबोधनं झोकात स्टिक फिरवली. उन्हानं गोंद वाळायचा सोडून पार मऊ पडला होता. डोकं सुटलं ते कंपाउंडवरून थेट शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये. चेंडू जागच्या जागी, सुबोधच्या हातात नुसती काठी.

"सांगितलं होतं" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हेल्मेटमधून आवाज आला,

"बाबा, आता बॉलच चिकटवा ना! तुम्ही चिकटवलेलं लई दूर जाते."