पंचेचाळीस अंशांनी दगा दिला

...आणि वर आमचे हे विचारतात, "पण तू पंचेचाळीसच का घातलेस?" अहो, जीव घाबरला की माणूस सोपं तेच धरतो. तुम्हाला सांगते, सहा वर्षं मी तात्पुरती शिक्षिका, दर वर्षी नवं पत्र, दर वर्षी तीच धाकधूक, आणि आता कुठे कायमची एक जागा निघाली, तर तिच्यासाठी वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा. समोर चाळीस मुली, मागे मुख्याध्यापक आणि गणिताचे प्रमुख, आणि या प्रमुखांनी हातात चिठ्ठी दिली: सिद्ध करा, साइन चतुर्थ घात थीटा वजा कॉस चतुर्थ घात थीटा बरोबर एक वजा दोन साइन वर्ग थीटा.

हातचा मळ! डावी बाजू घेतली, अवयव पाडले, साइन वर्ग अधिक कॉस वर्ग म्हणजे एक, तो गेला, उरलं साइन वर्ग वजा कॉस वर्ग, कॉस वर्गाच्या जागी एक वजा साइन वर्ग... आणि आलं काय, तर दोन साइन वर्ग वजा एक. चिठ्ठीत होतं त्याच्या बरोब्बर उलटं. म्हटलं, माझंच चुकलं असणार. घरी नळ गळला तरी माझंच चुकलेलं असतं, इथे तर नोकरीचा प्रश्न. पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच, आणि मागे प्रमुखांचं पेन बाकावर टक् टक् टक्...

म्हटलं, किंमत घालून बघू. पंचेचाळीस घातले. डावीकडे शून्य, उजवीकडेही शून्य. म्हणजे गणित बरोबर, म्हणजे माझंच चुकलं असणार. तिसऱ्यांदा पुसलं.

आता खरं सांगू का? शेवटच्या ओळीत हळूच चिन्हं फिरवायची, खाली "सिद्ध झाले" लिहायचं आणि हसून वळायचं, असा मोह झाला मला. कुणाला कळणार होतं? खडू टेकवलासुद्धा. तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणते, "बाई, पंचेचाळीसला साइन आणि कॉस सारखेच ना? मग उलटं लिहिलं तरी शून्यच येणार. तीस घाला ना." घातले. डावीकडे वजा एक छेद दोन, उजवीकडे नुसतं एक छेद दोन.

माझंच चुकलं असणार म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं भलतंच. "सर, गणितच चुकलंय."

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई," ते म्हणाले, अगदी शांतपणे, "बावीस वर्षं मी प्रत्येक उमेदवाराला हेच गणित देतोय. आजवर सगळ्यांनी सिद्ध केलंय."

काल निकाल लागला. जागा माझ्यानंतर पाठ घेतलेल्या बाईंना मिळाली. त्यांनी म्हणे चारच ओळींत सिद्ध केलं, आणि अक्षरही फार सुंदर आहे त्यांचं.