मायची फाइल

सदर बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"रिटायर झाल्यापासून लिहून राहिलो होतो, भीमा. मायची सारी कहाणी गेली."

"गेली काहून म्हणता? रोज मले वाचून दाखवत होते ना? माह्या ध्यानात हाय. पुन्हा लिहू."

आतून दुकानवाली दीदी आली.

"अंकल, कंप्यूटर तो गया, पर डिस्क ठीक है. देखिए, आपकी फाइल खुल गई."

"भीमा, पाय! पुरी हाय!"

"पुरी कुठं? मायनं मले पहिल्यांदा पाह्यलं, ते लिहिलंच नाही तुम्ही."

"मले काय मालूम? मी तं ड्यूटीवर होतो."

"मंग घरी चला. सांगते."