एकही बोट नाही

झेरॉक्सच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या म्हातारीचा आवाज नीलमने लगेच ओळखला. खारदांड्याच्या कृष्णाबाई. गेल्या जुलैत कंपनीच्या सर्व्हेचा फॉर्म घेऊन नीलम त्यांच्याच ओट्यावर बसली होती. तिने ओढणी गालावर ओढली.

"हेमांगी, विरोधाच्या अर्जावर सह्या किती झाल्या गं?" कृष्णाबाईंनी सोबतच्या तरुणीला विचारलं.

"अख्ख्या दांड्याच्या, मावशी. पण कंपनी म्हणते, गॅसची विहीर खणणार तिथे मासेमारी होतच नाही."

"मग आम्ही काय तिथे पोहायला जातो?"

"सर्व्हेत लिहिलंय, समुद्रात एकही बोट नाही."

"जुलैत असेल कशी? सरकारचीच बंदी! जून-जुलै, दोन महिने सगळ्या बोटी किनाऱ्यावर."

"तूच सांगितलंस ना त्या पोरीला?"

"तिने विचारलं, आज किती बोटी गेल्या? मी खरं ते सांगितलं. वर भाकरी-सुकट खायला घातली. मेलीने दोनदा मागून खाल्ली."

"आणि आता विहिरीच्या पाच मैलांत जाळं टाकायचं नाही म्हणे."

"फेरसर्व्हे करणार होते ना?"

"हे बघ पत्र आलंय, पण इंग्रजीत."

कृष्णाबाई मागे वळल्या. "बाय, यात फेरसर्व्हेची तारीख कुठची लिहिलीय? वाच जरा."

नीलमने कागद घेतला. ओढणी घसरली.

"दहा जूनपासून..."

"म्हणजे पुन्हा बंदीतच!" हेमांगी ओरडली.

कृष्णाबाई नीलमच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"या वेळीपण तूच येणार का गं? सुकट काढून ठेवते."